ठमी उठली का?

१

या, असे जवळ सरका. मागे बसलात तेही पुढे या. ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही, कारण हिच्यातली दोन महत्त्वाची माणसं पाच-सहा वर्षांची आहेत आणि त्यांना मोठा आवाज चालत नाही. गोष्ट चोरीची आहे. पण घाबरू नका. ऐकून उठाल तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटेल, एवढं वचन मी आधीच देऊन ठेवतो. ज्या गोष्टीचा शेवट देवाने गोड ठेवलाय, तिथे उगाच तोंड लांब करून बसणं मला जमत नाही.

तर दातांचं एक मोठं रुग्णालय. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांच्या दातांचा विभाग. दंतवैद्य झालेली तरुण मंडळी इथे तीन वर्षं राहून आणखी एक विद्या शिकतात: रडणाऱ्या मुलाचा दात दुरुस्त करण्याची. “दाताचं शिकायला एक वर्ष पुरतं,” विभागाचे मोठे सर म्हणत, “रडण्याचं शिकायला दोन लागतात.”

या विभागाची एक रीत होती. ‘डॉक्टर अमुक’ म्हटलं की मुलांना धडकी भरते, म्हणून प्रत्येक निवासी डॉक्टरने आल्या दिवशी एक प्राणी निवडायचा, त्याचं चित्र खिशावर लावायचं आणि तीन वर्षं त्याच नावाने नांदायचं. शेवटच्या वर्षाला दोघं होते. एक चिमणी, बारीक आवाजाची, कामात काटेकोर मुलगी. दुसरा हत्ती, जो इतका काटकुळा होता की मुलं त्याला बघूनच हसायची आणि त्याचं अर्धं काम तिथेच व्हायचं. पहिल्या वर्षाला कासव. त्याला खरं तर वाघ हवा होता, पण निवड सुरू झाल्यावर पाऊण तासाने तो उगवला.

बुधवार हा विभागात गुंगीचा वार. काही मुलं इतकी भेदरलेली असतात की गोष्ट, गाणं, फुगा कशालाच बधत नाहीत. त्यांना वजनाप्रमाणे मोजून एक गुलाबी औषध देतात. पूर्ण भूल नव्हे. मूल वीसेक मिनिटांत पेंगायला लागतं, हाक मारली तर ओ देतं, पण भीती विसरतं. तेवढ्यात काम उरकायचं. औषध कुलपात, किल्ली सिस्टरच्या गळ्यात आणि थेंबन्‌थेंब वहीत.

त्या बुधवारी चिमणीने दोघांना औषध दिलं. एक दोन वेण्यांची मुलगी, पाच वर्षांची. दुसरा पुढचे दोन दात पडलेला मुलगा. त्याचे आजोबा त्याला ‘राजे’ म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. वेण्यावाली खिडकीतून गाड्या मोजत होती. राजे खुर्चीचं बटण दाबून वर-खाली होत होते. पेंगेचं नाव नाही. आदल्या बुधवारी याच मुलीच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. आणि शेजारच्या खोलीत हत्तीची दोन मुलं, त्याच बाटलीतलं औषध घेऊन, बारीक घोरत होती.

दुपारी मोठ्या सरांनी चिमणीला बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते दार कधी लागत नसे.

“मागच्या बुधवारी एक, आज दोन. तीन मात्रा बाटलीतून काढल्या,” सर म्हणाले. “तीन वहीत लिहिल्या. बाटलीत उरलेलं बरोबर आहे. फक्त मुलांच्या पोटात त्या गेलेल्या नाहीत. मग गेल्या कुठे?”

“सर, मुलांनी माझ्या डोळ्यांदेखत कप रिकामे केले.”

“म्हणूनच तुला विचारतोय. खोलीत तुझ्याशिवाय कुणीच नव्हतं.”

टेबलावर एक पत्र होतं, संचालकांच्या नावाने. सही व्हायची होती. ते वर गेलं की तिचं शिक्षण तिथेच संपणार होतं. अंतिम परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती.

“गुंगीचं औषध आहे हे. काढलेलं औषध गायब होतं आणि मी गप्प बसतो, असं चालणार नाही,” सर म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी जिचं उदाहरण इतरांना दिलं ती हीच. “शुक्रवारी चारपर्यंत थांबतो. खालच्या माई बघतील. तोवर तू मुलांना हात लावायचा नाहीस.”

आणि माईंनी पहिल्याच माणसाला विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला जे उत्तर आलं, त्याने चिमणीच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळला.

२

माई म्हणजे तळघरातल्या औषधभांडाराच्या प्रमुख. एकतीस वर्षं त्याच खुर्चीत. चष्म्याला काळी दोरी, पायात आवाज न करणाऱ्या चपला आणि ओठांवर सतत काहीतरी गुणगुण. शब्द त्यांचे त्यांनीच जुळवलेले असत. त्या दिवशीचे होते, “मोठे सांगती मोठ्याने, धाकटे जाणती मनाने.” चाल मात्र दर तासाला बदलायची.

गुरुवारी सकाळी त्यांनी हत्तीला गाठलं. तो कपाटामागे उभा राहून चहा पीत होता.

“चिमणी या औषधाबद्दल कधी काही बोलली होती?”

हत्तीने कप खाली ठेवला. “माई, हे नका विचारू.”

“विचारलंय.”

“तिचे बाबा आजारी होते ना मागच्या महिन्यात. रात्र-रात्र ती जागीच. तेव्हा एकदा म्हणाली, ‘मलाच पाजा रे कुणीतरी ते गुलाबी.’ गंमत होती ती, माई. आम्ही सगळे हसलो.” त्याचे डोळे भरून आले. “मी खोटंही सांगू शकलो असतो.”

“शकला असतास. आणि मला कळलं असतं. तुझे कान लाल होतात.”

“आता आहेत?”

“आता खरं बोललास म्हणून आहेत. चहा पी.”

माई त्याच्याशेजारी स्टुलावर टेकल्या. “मला एक सांग. बाटलीत कुणी पाणी घातलं असतं तर?”

“तर माझी मुलंही जागी राहिली असती. एकच बाटली.”

“म्हणजे बाटली निर्दोष. जे झालं ते औषध कपात पडल्यावर झालं.”

“तसंच म्हणावं लागेल.” हत्तीला आपण काय बोललो ते उशिरा उमगलं. “म्हणजे मी तिला आणखीनच अडकवलं की.”

“नाही रे बाळा. तू फक्त खोली लहान केलीस.” माई उठल्या. “तुझ्या आणि तिच्या पद्धतीत फरक काय?”

“मी हातमोज्याचा कोंबडा फुगवतो. ती ठमीला घेऊन बसते.”

“ही ठमी कोण?”

“ते कासवाला विचारा. कप तो भरतो. पण सांभाळून हं, कालपासून तो जेवलेला नाही.”

३

कासव साठवणीच्या खोलीत खोक्यावर बसला होता. माई दिसताच तो उभा राहिला, खोकं पडलं, आणि कापसाचे बोळे जमिनीवर पसरले. दोघांनी मिळून ते गोळा केले. माईंच्या मते माणसाचे हात कामात असले की जीभ सुटते.

“ठमी म्हणजे चिमणीताईची बाहुली,” कासव सांगू लागला. “कापडी. तोंड उघडं, आत स्पंज. आमच्याकडे नियम आहे की मुलाला आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ताई ठमीवर दाखवते. दोन कप असतात. एकात मुलाचं औषध, एकात ठमीचं साखरपाणी. रंग सारखाच, म्हणजे मुलाला वाटू नये की आपल्यालाच काहीतरी वेगळं.”

“मग मुलाला ती सांगते की दोन्ही एकच आहेत?”

“छे! मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा तर पहिला नियम. ती सरळ सांगते, हे तुझं पेंगेचं, हे ठमीचं साखरपाणी. आधी ठमीला पाजायचं, मग आपण प्यायचं.”

“आणि खोलीत तेव्हा कोण?”

“फक्त ताई. एक मूल, एक आवाज. सगळे बोलायला लागले की मूल बिथरतं. आईबाप बाहेर बाकावर, मी दाराबाहेर वही घेऊन. ताई आतून वेळ सांगते, मी लिहितो.”

“कोणता कप कुणाचा, हे तुला कसं कळतं?”

“ठमीच्या कपाच्या बुडाला मी चिकटपट्टीचा तुकडा लावतो.” कासव थांबला. हातातला बोळा त्याने इतका पिळला की तो पार सपाट झाला. “माई, ताईला काही करू नका. मीच केलंय ते.”

“काय केलंस?”

“कप उलटे ठेवले. तिन्ही वेळा. धुताना बघितलं, चिकटपट्टीवाला कप मुलांच्या बाजूला होता. पहिल्यांदा वाटलं, पोरं रिकाम्या कपांशी खेळली असतील. पण काल दोन्ही मुलांच्या वेळी तसंच. म्हणजे मुलांनी साखरपाणी प्यायलं आणि औषध बाहुलीला. मीच हळू, मीच बावळट. ताईऐवजी माझं नाव पत्रात घाला. माझं पहिलंच वर्ष आहे, माझं काय जाईल?”

माईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कबुली मिळाली होती, तीही रडत, स्वतःहून. दुसऱ्या कुणी वही मिटली असती.

“ट्रे आत जाण्याआधी आणखी कुणी बघतं?” माईंनी विचारलं.

“सिस्टर.”

“आणि ताई मुलासमोर कप ठेवल्यावर लगेच पाजते?”

“नाही. काटा बारावर येईपर्यंत थांबते. सर म्हणतात, आपल्या खात्यात ‘अंदाजे’ हा शब्द नाही. सेकंदकाटा बारावर आला की ती वेळ पुकारते आणि मग पाजतात.”

“किती वेळ थांबावं लागतं?”

“कधी पाच सेकंद, कधी पन्नास.”

“आणि घड्याळ कुठे आहे?”

“दारावर, वरती. ताईच्या पाठीमागे.”

माईंची गुणगुण थांबली.

४

सिस्टर म्हणजे विभागातली सर्वांत कडक बाई. किल्ली गळ्यातून काढायची नाही म्हणून दागिनाही घालायची नाही.

“कासव म्हणतो, त्याने कप उलटे ठेवले,” माई म्हणाल्या.

“हो? मग मी काय डोळे मिटून सह्या करते?” सिस्टरने वही आपटली. “प्रत्येक ट्रे थांबवते. कप उचलून बूड बघते. डावीकडे ठमी, उजवीकडे मूल. तिन्ही वेळा बरोबर होतं. ही बघा सही, ही बघा, ही बघा. ते पोर उपाशी राहून काहीही बरळतंय.”

“म्हणजे कप आत गेले ते बरोबर.”

“बरोबर.”

“आणि बाहेर आले ते उलटे.”

सिस्टरने आपटलेली वही हळूच मिटली. हिशेब तिलाही कळत होता. आत एकच मोठं माणूस होतं.

“मी त्या मुलीला तीन वर्षं बघतेय,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिने असं केलं असेल तर मला माणसं कळतच नाहीत म्हणायचं.”

“वेण्यावालीबद्दल काही आठवतं? काहीही. फालतू असलं तरी.”

“फालतूच आहे. काल आली ती थेट खेळण्यांच्या कपाटाकडे पळाली. ठमीला हलवून विचारते, ‘उठलीस का गं?’ तिच्या तोंडाशी कान लावून बसली. मग राजे आले, तर त्यांनाही बाजूला घेऊन कुजबुज. अर्धा तास दोघांचं खलबत चाललं होतं. मी म्हटलं, चला, निदान रडत तरी नाहीत.”

माईंनी दोन्ही घरच्यांना बोलावून घेतलं. राजेंचे आजोबा आधी आले.

“औषध पिताना तोंड वाकडं केलं का त्याने?”

“कसलं वाकडं. बाहेर येऊन म्हणतो, आजोबा, अजून आहे का विचारा. गोडाचा किडा आहे तो, म्हणून तर इथे आणावं लागलं.”

माईंनी मान डोलावली. ते औषध त्यांच्याच तळघरातून वर जायचं. त्याची चव त्यांना ठाऊक होती. तिप्पट साखर घातली तरी शेवटी जिभेवर कडू राहतंच. घेतलेलं एकही मूल ‘अजून’ म्हणत नाही.

मग वेण्यावालीची आई आली, कामावरून तशीच, धापा टाकत.

“बाई, तिचं काही चुकलं का? दुसऱ्यांदा तिला झोप लागली नाही. आता म्हणे पूर्ण भूल देऊन करावं लागेल. मला भीती वाटते हो.”

“तिचं काही चुकलं नाही. मला एवढंच सांगा, ती आत जाताना काही मागते का?”

आईला जरा हसू आलं. “माझ्या किल्ल्या. घराच्या. मुठीत धरल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. मी म्हटलं, खेळायला घेत असेल.”

“कधीपासून ही सवय?”

“घरीही तसंच, झाले दोन-अडीच महिने.”

आई गेल्यावर माईंनी चष्मा काढून पुसला. सिस्टर दारात उभी होती.

“औषध कोण प्यालं ते मला कळलं,” माई म्हणाल्या. “का प्यालं ते अजून कळलेलं नाही. आणि ‘का’ कळल्याशिवाय मी वर जाणार नाही.”

५

शुक्रवारी चार वाजता मोठ्या सरांच्या खोलीत सगळे जमले. पत्र टेबलावर तसंच होतं. चिमणी भिंतीशी उभी होती. दोन दिवसांत तिचा चेहरा पार उतरला होता. हत्तीने खुर्ची पुढे केली तर ती बसेना.

माईंनी पिशवीतून ठमी काढली आणि टेबलावर, बरोबर पत्रावर बसवली.

“सर, हिला उसवावं लागेल.”

“माई, नको,” चिमणी पुढे आली. “बाबांनी शिवलीय. ते शिंपी आहेत. पहिल्या वर्षी पैसे नव्हते म्हणून उरलेल्या कापडातून…”

“शिंप्याने शिवलंय म्हणजे शिवण सरळ असणार. उसवायला सोपं आणि पुन्हा घालायलाही. हिला शेवटचं धुतलंस कधी?”

“महिन्याच्या सुरुवातीला. दर महिन्याला एकदा धुते.”

“म्हणजे दोन्ही बुधवारांच्या आधी. उत्तम.”

माईंनी कात्रीच्या टोकाने पाठीचे टाके कापले आणि स्पंज बाहेर ओढला. तो पार गुलाबी होता. त्यांनी बोटाचं टोक त्यावर टेकवलं आणि बोट जिभेला लावलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हळूहळू माईंचं तोंड असं वाकडं झालं, जसं कडू काढा पिताना होतं.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “हिने साखरपाणी प्यायलं असतं तर मी आत्ता हसले असते. तुमच्या तिन्ही मात्रा इथे आहेत, सर. स्पंज तपासणीला पाठवा, कागदावर येईलच. चोर म्हणाल तर ही बसली आहे. हिला काढून टाकायचं पत्र लिहायचं असेल तर खुशाल लिहा.”

हत्ती असा काही हसला की त्याला भिंत धरावी लागली. कासव रडत होता की हसत होता, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“पण माई,” चिमणी म्हणाली, “मी समोर बसून बघितलं. मुलीने ठमीला पाजलं आणि स्वतः प्यायली.”

“बघितलंस ते खरंच आहे. पण त्याआधी तू काय करत होतीस? घड्याळ बघत होतीस. काटा बारावर यायची वाट बघत होतीस, पाठ मुलीकडे. कप सारखे, रंग सारखा, खूण बुडाखाली. डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे न्यायला किती वेळ लागतो? एखादा निष्काळजी डॉक्टर ‘सव्वादहा’ म्हणून मोकळा झाला असता, आणि त्या पोरीला सवडच मिळाली नसती. तुझ्या काटेकोरपणाने तिला पन्नास सेकंद दिले. आणि कोणता कप कसला, हे तूच तिला सांगून ठेवलं होतंस, कारण तू खोटं बोलत नाहीस. तीन वर्षांत जे जे चांगलं शिकलीस, त्याचीच तिने किल्ली करून घेतली.”

सर खुर्चीत मागे रेलले.

“पाच वर्षांची मुलगी,” ते म्हणाले. “कशाला करेल?”

“ते तिलाच विचारू. दोन दिवस आपण सगळ्यांना विचारलं. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांना कुणी विचारलंच नाही.”

वेण्यावाली आईबरोबर बाहेर बसलेली होती. तिला एकटीला नाही, दोघींना आत घेतलं. माई सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. मुलगी आधी आईच्या मागे लपली. मग तिला ठमीची उसवलेली पाठ दिसली.

“तिला काय झालं?”

“तिला खूप झोप आली होती,” माई म्हणाल्या. “आता उठली. बघ.”

मुलीने ठमीचा चेहरा निरखला आणि मोठा श्वास सोडला. “मला वाटलं उठणारच नाही.”

“तूच दिलंस ना तिला तुझं औषध?”

मान हलली. इतकी बारीक, की न बघणाऱ्याला दिसली नसती.

“रागवणार नाही. देवाशपथ. पण तुला का नको होतं? कडू म्हणून?”

“नाही. झोपायचं नव्हतं.”

“झोपलं की काय होतं?”

मुलीने मुठीतल्या किल्ल्यांकडे बघितलं. बोलली ती त्यांच्याशीच. “मी झोपले होते, तर बाबा गेले. उठले तर बाबांची बॅग नव्हती. बूट पण नव्हते.”

आईने तोंडावर हात घेतला.

“मग मी राजेला पण सांगितलं,” मुलगी म्हणाली. “झोपलास ना, तर आजोबा जातात. जागं राहिलं की जाता येत नाही. आणि आईला तर किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.”

आईनेच सगळं सांगितलं, तुटक तुटक. नवऱ्याला लांब काम मिळालं होतं, समुद्रापलीकडे, दोन वर्षांचा करार. निघायच्या पहाटे तो लेकीच्या उशाशी कितीतरी वेळ बसला. उठवलं तर रडेल, रडली तर आपला पाय निघणार नाही, म्हणून पावलं न वाजवता गेला. बूट हातात घेऊन गेला. “आम्हाला वाटलं, तिला त्रास नको,” ती म्हणाली. “तेव्हापासून ही रात्रीसुद्धा माझा पदर बोटाला गुंडाळून झोपते.”

सरांनी ठमीच्या खालून ते पत्र ओढलं, चार तुकडे केले आणि चिमणीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची माफी मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणून शब्द जरा शोधावे लागले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी वही बघितली, तुला बघितलं नाही. सोमवारपासून कामाला ये. आणि या मुलीची केस तूच पूर्ण कर.”

तेव्हा कुठे चिमणी खुर्चीत बसली, आणि एकदा बसली ती गुडघ्यांत तोंड घालून इतकी रडली की वेण्यावालीने आईला विचारलं, “या ताईचे पण बाबा गेले का?”

“नाही गं,” चिमणी डोळे पुसत म्हणाली. “माझे घरी आहेत. बरे आहेत. मला आत्ता नुसतं हलकं वाटतंय.”

६

पुढच्या बुधवारी विभागाने एक नियम मोडला. दहाला दहा मिनिटं कमी असताना आई आत आली आणि मुलीजवळच बसली. बोलायचं एकट्या चिमणीने. आईने फक्त हात धरायचा. एक मूल, एक आवाज आणि एक हात, असं सरांनी नंतर भिंतीवरच्या नियमांत स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

औषध पाजायच्या आधी चिमणी मुलीच्या उंचीला वाकली.

“ऐक. तुला पेंग येईल. डोळे मिटतील. उघडशील तेव्हा आई इथेच असेल, याच खुर्चीत. मध्ये तिला शिंक आली तरी ती इथेच शिंकेल.”

“सू आली तर?”

चिमणीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मी आत्ताच जाऊन आलेय.”

मुलीने यावर बराच विचार केला. मग कप उचलला, एका दमात रिकामा केला, आणि तोंड असं वाकडं केलं की दाराबाहेर वही घेऊन उभ्या असलेल्या कासवाने ते न बघताच ओळखलं, कारण पाठोपाठ आवाज आला, “शी! किती कडू!”

एवढा गोड शब्द त्या विभागात वर्षभरात कुणी ऐकला नव्हता.

अठरा मिनिटांनी तिची मूठ सैल झाली. किल्ल्या घरंगळून मांडीवर पडल्या, त्या आईने उचलल्या नाहीत, तिथेच राहू दिल्या. चिमणीने दोन दाढा साफ केल्या, भरल्या आणि एकीवर चांदीसारखी टोपी बसवली. हात इतका स्थिर, की मागे उभ्या सरांनी एकदाही तोंड उघडलं नाही. पाऊण तासाने मुलीने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग डावीकडे. आई तिथेच होती, त्याच खुर्चीत. केस विस्कटलेले, हात अवघडलेला.

“गेली नाहीस?”

“नाही गं बाई.”

मुलगी पुन्हा डोळे मिटून पडली. आता ती खरीच झोपली, औषधाची नव्हे, स्वतःची झोप. अडीच महिन्यांची साठलेली. तिला कुणी उठवलं नाही. हत्तीने पुढच्या मुलाला दुसऱ्या खोलीत नेलं. राजेंचं काम त्याच दुपारी झालं, आजोबा शेजारी बसले होते आणि नातवाआधी तेच पेंगले.

सहा आठवड्यांनी चिमणी परीक्षेला बसली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, घाबरलेल्या मुलाला गुंगी देण्याआधी सर्वांत आधी काय तपासाल? पुस्तकात उत्तर आहे: वजन, श्वास, पोट रिकामं आहे का. तिने ते सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, “मुलाला विचारीन, झोपल्यावर काय होईल असं तुला वाटतं.” परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि तिला पुढे बोलू दिलं. ती पास झाली, हे वेगळं सांगायला नको.

आता उठाल, घरी जाल. छातीवरचा धोंडा उतरला असेल तर माझी एक विनंती ऐका. या गोष्टीतले सगळे आपापल्या जागी सुखरूप आहेत, फक्त एक जण अजून लांब आहे. समुद्रापलीकडे कुठेतरी एक बाप कामावर उभा आहे. लेकीवरच्या मायेपोटीच तो बूट हातात घेऊन घरातून निघाला. त्या मायेने काय झालं, हे बायकोने त्याला फोनवर सांगितलं. आता तो रोज लेकीशी बोलतो, आणि फोन ठेवण्याआधी दर वेळी तिला सांगतो, “आता मी ठेवतोय हं.” ती ‘ठेव’ म्हणेपर्यंत ठेवत नाही. त्याच्या कराराचं अजून दीड वर्ष उरलं आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा क्षणभर त्याचीही आठवण असू द्या.